वासाचा रकाना

वारुळावर उगवणाऱ्या एका अळंबीचे नमुने आमच्या संग्रहालयात दर पावसाळ्यात जमा होतात. प्रत्येकासोबत नोंदपत्र असते: स्थळ, तारीख, रंग, वास. सुकवलेली अळंबी कित्येक वर्षे टिकते. वास मात्र काही तासांत निघून जातो, म्हणून तो ताजेपणीच नोंदवावा लागतो. लहानपणीच्या एका तापात माझे घ्राणेंद्रिय गेले. त्यामुळे तो रकाना माझ्या शेजारी बसणारी अन्नपूर्णा सांगे आणि मी लिहून घेई.

डोळे मिटून ती हुंगत असे. ओल्या पिठाचा, म्हणे. कधी न्हाणीच्या भिंतीचा. एकदा म्हणाली, आजोबा अंगणात रंगात कापड उकळीत, तेव्हा यायचा तसा. आमचे साहेब सुब्बराव यांनी ते खोडायला लावले.

"लोकांनी तुमच्या आजोबांचं अंगण कुठं पाहिलंय?"

मीही पाहिले नव्हते. पण जगातले सगळे वास मला तिच्याच शब्दांतून ठाऊक होते.

उन्हाळ्यात तिची हंगामी नेमणूक संपली आणि ती बोगादीत घराजवळच्या शाळेत शिकवू लागली. मग तिच्याकडे जायला मला काही निमित्त उरले नाही. श्रावणातल्या एका रविवारी सरगूरहून अळंबी आली, तेव्हा ते सापडले. बाकीच्या अळंब्या सुकवणीच्या पेटीत ठेवून एक मी कागदात गुंडाळली. आधी हुंगायला द्यायची, आणि मग लग्नाचे विचारायचे, असे ठरवून निघालो.

सरस्वतीपुरमच्या थांब्यावर बोगादीच्या बसेस येत होत्या, जात होत्या. मनातल्या वाक्याची सुरुवात काही केल्या जुळेना. ती जुळली की पुढच्या बसने जाऊ, असे म्हणत मी उभाच राहिलो. तिच्या दारी पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते.

तिने पुडी उलगडली, डोळे मिटले. मग पुन्हा एकदा हुंगून पाहिले.

"अय्यो, वास गेला की हो. आता नुसता कागदाचा येतोय."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले.

"एवढ्यासाठीच आलात होय, नरहरीराव?"

"हो," मी म्हणालो.

तिने अळंबी पुन्हा नीट गुंडाळली, वरून दोरा बांधला आणि पुडी माझ्या हातात दिली. कॉफी घेऊन जा, असे आतून तिच्या आईने सांगितले. मी बसचे कारण सांगितले.

परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. बोगादी मागे पडेपर्यंत ती पुडी मी नाकाशी धरून होतो.