बुधरीच्या अर्ध्या पेल्यातली साखर

मित्रांनो, मी एक साखर आहे, पण तुमच्या चहातली नव्हे. गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या फळीवर, कापसाच्या डब्यामागे एक तपकिरी बाटली आहे. तिच्या तळाशी बोटभर पाक उरलाय, तो मी. झाकणाला मुंग्या लागतात, तेवढीच माझी विचारपूस.

मी उसातून आले नाही. कारखान्यात दुधातली साखर घेतली, क्षार घालून तापवली, तिच्या आतल्या जोडणीत थोडा फेरफार झाला आणि मी झाले. नाव ठेवलं लॅक्ट्युलोज. जिभेला मी गोड लागते, पण माणसाच्या पोटाला मला फोडताच येत नाही. गेले तशी पुढे सरकते. मोठ्या आतड्यात जंतू मला खातात, थोडा गॅस होतो, पोट साफ होतं. म्हाताऱ्यांच्या बद्धकोष्ठावर माझी भावंडं वर्षानुवर्षं राबली. यकृत बिघडून ज्यांचं डोकं भरकटतं, त्यांनाही भानावर आणायला त्यांनी मदत केली. लोकांनी बरं म्हटलं आणि विसरले. मला त्याचं सुख नाही की दुःख नाही. जी कुणाच्या अंगीच लागत नाही, तिला काय वाटायचं?

संशोधनवाल्यांना मात्र माझा हाच नाकर्तेपणा आवडला. ते मला मॅनिटॉल नावाच्या दुसऱ्या एका बारीक गोडीबरोबर एकाच पेल्यात कालवतात. घरातली पिठाची चाळणी आठवा. चाळणी धड असली की पीठ खाली पडतं, कोंडा वर अडतो. जाळी फाटली की कोंडाही खाली येतो. मॅनिटॉल म्हणजे पीठ, मी कोंडा. आतडं धड असेल तर मी रक्तात आणि तिथून लघवीत जवळजवळ उतरत नाही. उतरले, म्हणजे आतडं झिरपतंय. एकीच्या मानाने दुसरी किती उतरली, एवढंच ते मोजतात.

असं मोजायला रिना मला घेऊन गावोगाव फिरायची. ऊर्जानगर या वीजकेंद्राच्या वसाहतीत, क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत काम करायला आली होती. वाळलेल्या पोरांना उपाशीपोटी मला पाजायचं आणि पाच तास लघवी गोळा करायची. भुकेल्या पोराच्या तोंडात गोड, आणि ताकद शून्य. मला लाज वाटली असती, वाटून घ्यायची सवय असती तर.

बुधरी अडीच वर्षांची. दिवाळीपासून तिच्या वजनाचा काटा हलला नव्हता. खायची, पण खाल्लेलं जायचं कुठे कळत नव्हतं. चाचणीत आतडं झिरपतं निघालं, तर तिला आईसकट तीन आठवडे दवाखान्यात ठेवणार होते, खाणं आणि औषध देऊन. नाही निघालं, किंवा चाचणीच फसली, तर नाव बाद. एका घरातून एकच मूल, आणि चाचणीही एकदाच.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. दोघी सुना चिखलात, आणि घरी आजा लटारू दोन नाती सांभाळत बसलेला, एक बुधरी आणि दुसरी तिच्याच वयाची चुलत बहीण मयुरी. बुधरी परक्या हातून पिईना, म्हणून रिनाने पेला लटारूच्या हातात दिला आणि लघवीच्या बाटलीवर नाव लिहायला ओसरीवर वळली. परत येते तो मयुरी पळसाचा द्रोण चाटत होती.

"लटारूभाऊ, तिले काऊन दिलं?"

"अर्धं दिलं, बाई. गोड होतं ना," लटारू शांतपणे म्हणाला. "एकीले देऊन दुसरीले पाहत ठेवाचं, हे आमच्या घरी होत नाई."

रिनाच्या हातात कागद होता. 'पूर्ण पाजलं' अशी खूण करून मोकळं होता आलं असतं, पाहायला कोण होतं? तिने पेन दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. मग खरं तेच लिहिलं आणि वरिष्ठांना, गुणवंतरावांना, फोन लावला.

"नियम म्हणजे नियम," पलीकडून आवाज आला. "अर्धी मात्रा गेली ना? मग काढून टाक तिचं नाव."

मी रिनाच्या पिशवीतच होते. मला उत्तर माहीत होतं, पण साखरेला कोण विचारतं?

रिनाने नाव काढलं नाही. पाच तास बसून बुधरीची लघवी गोळा केली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि बाटलीला चिठ्ठी बांधली, 'अर्धा पेला बहिणीने प्यायला. तरी कृपया पाहा.' मयुरीची लघवी मात्र अंगणात गेली. तिच्यासाठी बाटलीच नव्हती.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. "ताई, दोन्ही गोड्या एकाच पेल्यात होत्या ना? मग अर्धा प्यायला तरी दोन्ही साखरांचं एकमेकींशी प्रमाण तेच राहतं. नमुना चालतो." मग तो माणूस म्हणाला, "आतडं बरंच झिरपतंय. लवकर आणा."

बुधरीला आणायला जीप गेली तेव्हा मी पिशवीत होतेच. गुणवंतराव पुढे बसलेले. लटारू आला तो दोन्ही कडेवर दोन पोरी घेऊन. मागून दोघी सुना, चिखलाच्या पायांनी.

"यादीत एकच नाव आहे," गुणवंतराव म्हणाले.

"त्या दिवशी दवा दोघींनी पेली, साहेब," लटारू म्हणाला. "मंग दवाखाना एकीलेच काऊन?"

गुणवंतराव कागद चाळू लागले. रिनाने मागचं दार उघडलं, मयुरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "सर, हिले तिथंच तपासून घेऊ. जागेचं मी पाहते." त्यांनी कागद मिटले, दोघी सुना मागे चढल्या. जीप निघाली.

मित्रांनो, माझी मुदत आता संपत आली आहे. मला ओतून टाकतील, आणि त्याचंही काही वाटणार नाही. एवढंच सांगते, मोजायला मला जरूर वापरा, पण मोजून झालं की त्या पोराला जेवायला द्या, कारण मला ते जमत नाही. आणि ज्याच्यासाठी बाटली आणली नाही, त्या शेजारच्या पोराकडेही एकदा बघा.

वाटेत रिनाने दोघींच्या हातात राजगिऱ्याचा एकेक लाडू दिला. मयुरीच्या हातात अख्खा लाडू होता, तरी बुधरीने आपला मोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला. मी त्यांच्या अंगी लागले नाही. तो लाडू लागो.