सोनावहिनींच्या रक्ताचा ठसका

माझ्या भोपळ्याचा वेल तेलंगणातल्या भीमपुरातून निघाला, पैनगंगा ओलांडून गेला आणि भोपळे महाराष्ट्रात धरले. भाजी कोणाची, यावर दोन्हीकडचे पटवारी भांडले. हे आमच्या मावला गावात सगळ्यांना ठाऊक आहे. खरं कोणी मानत नाही, ही गोष्ट वेगळी. चंपतरावाची गोष्ट मात्र मानावीच लागेल, कारण तिच्यातली थाप माझी असली तरी खोकला खरा होता.

चंपतराव माझा शेजारी. वांग्याचा मळा त्याचा, बीडी त्याची, आणि दिवाळीपासून न हटणारा खोकलाही त्याचाच. त्याची बायको सोनावहिनी रोज म्हणायची, दवाखान्यात चला, छातीचा फोटो काढा. हा ऐकेना. त्यात नात उत्कर्षानं फोनवर वाचून दाखवलं, की ओ रक्तगटवाल्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जरा कमी असावा, असं काही संशोधकांना वाटतं.

"सपलं मंग!" चंपतराव खाटेवर उठून बसला. "मी ओच हाय."

"आबा, तुमी ए आहात. लायसनवर लिहिलंय."

"थे जुनं झालं. मळणीयंत्रात हात सापडला तवा तुह्या आजीनं मले रक्त देल्लं. तिचं ओ, म्हून माहंबी ओ. बायको नवऱ्याचं नाव लावते, मी बायकोचा गट लावला!"

आणि ओसरीवर येऊन त्यानं बीडी पेटवली. मी तिथंच बसलो होतो. दाराआड येऊन वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, इतक्या थापा वाया घालवता. एखादी माह्या कामाची सोडा ना."

बाईमाणसानं असं मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?

"चंपत्या," मी म्हणालो, "गट बदलला हे तुहं बरोबर हाय. पण रक्त मालकाले विसरत नाही लेका. वहिनीनं जल्मात बीडी ओढली नाही. तू झुरका घेतला, का थे रक्त तिकडं तिच्याकडं तक्रार करते."

"काहीबाही नोको सांगू."

"घे झुरका. पाह्य."

त्यानं घेतला. आतून असा ठसका आला की मांडणीवरची ताटं वाजली.

वहिनी ठेच्यासाठी मिरच्या भाजत होत्या. मला वासावरून कळलं होतं. चंपतरावाचं नाक बीडीनं केव्हाच मेलेलं. त्यानं बीडी खाली केली, ठसका थांबला. पुन्हा झुरका, पुन्हा ठसका. हा दुसरा मिरचीचा की वहिनींनी घरी बनवलेला, देव जाणे.

त्याचा चेहराच उतरला. "काऊन वं सोने, तरास होते काय?"

"होते तर," आतून आवाज आला. "इतकी वर्सं कोणाले सांगू?"

सकाळी गडी आपण होऊन दवाखान्यात निघाला. मीही गेलो. फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताता, म्हणजे आजोबा, गाठ दिसत नाही. पण छाती धुरानं खराब झालीय. औषध घ्या, बीडी बंद."

चंपतरावानं गटाचं विचारलंच.

"त्याचं अजून पक्कं काही नाही, अभ्यास चालू आहे. रक्त घेतल्यानं तुमचा गट काही बदलला नाही. आणि धूर गट विचारून आत शिरत नाही. घरात कोण असतं? त्यांच्याही छातीत तुमचीच बीडी जाते."

चंपतराव माझ्याकडे पाहतच राहिला. "म्हन्जे हा उद्धव्या खरं बोलून राह्यला होता!"

इतक्या वर्षांची माझी अब्रू त्या दवाखान्यात गेली.

परवा वहिनी माहेरी भीमपूरला गेल्या होत्या. मी बांधावरच्या माझ्या भोपळ्यांपाशी होतो. चंपतरावानं मळ्यात इकडंतिकडं पाहिलं आणि खिशातून आगपेटी काढली. तेवढ्यात फोन वाजला. त्यानं कानाला लावला. पलीकडून शब्द नाही, नुसता ठसका.

त्यानं आगपेटी माझ्या हातावर ठेवली. "राहू दे तुह्यापाशी. तिकडं तिले तरास होते."

वहिनींना नेमकं तेव्हाच कोणी कळवलं, ते मला विचारू नका. मी भोपळे पाहत होतो.