कांताबाईंचा बेत

नाताळच्या सुट्ट्या लागल्या त्याच संध्याकाळी संबोधीने घरात जाहीर करून टाकलं, की रविवारी शाळेतले तिघे-चौघे सहकारी जेवायला येणार. "एकदम साधंच हो आई, कॅज्युअल," असं सासूला म्हणत तिने मोबाइलवर केलेली यादी वाचायला घेतली. पनीरच्या दोन भाज्या, बिर्याणी, मंचुरियन, कटलेट, दहीवडे, पास्ता, गुलाबजाम, वरून गाजराचा हलवा.

कांताबाई मटार सोलत होत्या. यादी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग विचारलं, "येणार कोण कोण?"

कांताबाईंनी महूच्या एका मुलींच्या वसतिगृहात सव्वीस वर्षं स्वयंपाक केला होता. रोजची शंभरावर पानं. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त होऊन इंदूरला मुलाकडे, अश्वजितकडे, खजरान्याजवळच्या या घरात राहायला आल्या, तेव्हा संबोधीने मनाशी ठरवलं होतं, की आता यांना चुलीपुढे उभं करायचं नाही. निम्मे पदार्थ बाहेरून मागवायचे असाच तिचा विचार होता. पण सासूबाईंनी पदार्थांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना माणसं हवी होती.

"यामिनी आहे, नवीन लागलीय. खंडव्याची. इथे खोली घेऊन एकटी राहते," संबोधी सांगू लागली. "विक्रम सर आणि त्यांचे बाबा. बाबांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून सर संध्याकाळी कुठे जातच नाहीत. आणि वसुंधरा मॅडम."

"बाबा किती वाजता जेवतात?"

"मला काय मालूम?"

"मग विचार ना."

संबोधीने फोन केला. बाबांना बरोबर सातला ताट लागत होतं, आणि दात नसल्यामुळे मऊ खावं लागत होतं. कांताबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं, की सगळेच पावणेसातला बसतील आणि मुगाची खिचडी-कढी होईल.

"त्यांच्यापुरती करू थोडीशी," संबोधी म्हणाली.

"त्यांच्यापुरती कशाला? सगळ्यांना. एकट्याच्या ताटात खिचडी वाढली, की माणसाला आपण आजारी आहोत असं वाटायला लागतं."

यामिनीलाही फोन झाला. घरची आठवण आली की काय खावंसं वाटतं, असं विचारल्यावर ती पोरगी आधी हसली, मग म्हणाली, वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी. झालं. पास्ता आणि मंचुरियन यादीतून गेले. हलवा तेवढा राहिला.

शुक्रवारी दुपारी वसुंधरा मॅडमचा फोन आला. ऑगस्टमध्ये त्यांचे यजमान गेले होते. तेव्हापासून शाळा ते घर, घर ते शाळा, एवढंच त्यांचं चाललं होतं. "तू बोलावलंस, बरं वाटलं," त्या संबोधीला म्हणाल्या. "पण तुम्ही लोक एन्जॉय करा. मी आले की सगळे आवाज खाली करतात. मला ते सहन होत नाही आणि त्यांनाही सुचत नाही काय बोलावं."

संबोधीने फार आग्रह केला नाही. फोन ठेवून ती हिरमुसली होऊन बसली. फोन स्पीकरवर होता, कांताबाईंनी सगळं ऐकलं होतं. "नंबर लावून दे मला," त्या म्हणाल्या.

"आई, राहू द्या. उगाच त्यांना वाईट वाटेल."

"लाव तू."

फोन लागला. "वसुंधराताई, मी संबोधीची सासू, कांता. एक अडचण झालीय हो. पोराने तीन किलो गराडूचे कंद आणून टाकलेत. आता ते तळायचे कसे? तुमचं माहेर राजवाड्याजवळच्या खाऊगल्लीतलं, संबोधी सांगत होती. तुमच्यासारखे कुरकुरीत आम्हाला कुठले जमायला! जेवायचं राहू द्या. तासभर येऊन तेवढे दाखवून जाल का? पाच वाजता?"

वसुंधरा मॅडम म्हणाल्या, "पाचला येते. पण तोवर सोलू नका हं, काळे पडतात."

संबोधी तोंड उघडं टाकून बघतच राहिली. हिवाळा आला, की वसतिगृहात आई एका वेळी वीस-वीस किलो गराडू तळायच्या, हे तिला नवऱ्याने शंभरदा सांगितलं होतं. "आई, तुम्ही तर..."

"बोलत बसू नको. अश्वजितला फोन कर आणि येताना गराडू आणायला सांग. घरात एक तुकडा नाहीये."

रविवारी वसुंधरा मॅडम पाचच्या आधीच आल्या. फिकट सुती साडी, हातात रुमालात गुंडाळलेली स्वतःची सुरी. ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी आधी कांताबाईंच्या तळहातांवर तेल घातलं. "चोळा नीट. नाहीतर रात्रभर खाजवत बसाल." कांताबाईंनी निमूटपणे तेल चोळलं. थोड्या वेळाने मॅडमचा वर्गातला आवाज निघाला. "अहो, एवढे मोठे तुकडे? आतून कच्चे राहतील. आधी मंद आचेवर. मग गार करायचे, जरासे दाबायचे आणि मग कडकडीत तेलात."

"असं होय," कांताबाई म्हणाल्या.

भरतासाठी वांगी भाजता भाजता संबोधीने हसू दाबायला ओठ घट्ट मिटून घेतले होते.

दुसरा घाणा निघाला. त्यावर जीरावन मसाला भुरभुरत असताना मॅडमचा हात थांबला. "आमच्या ह्यांना लिंबू फार लागायचं," त्या म्हणाल्या. "अर्धं लिंबू एका बशीवर."

संबोधीने वांग्यांखालचा गॅस उगाचच बारीक केला.

"मग अजून चार कापा," कांताबाई शांतपणे म्हणाल्या. "टोपलीत आहेत."

मॅडमनी लिंबं कापली. कापता कापता त्या यजमानांबद्दल बोलू लागल्या. थंडीत ते कानटोपी घालून गराडू खायला कसे बाहेर पडायचे, सर्दी झाली की दोष मात्र पंख्याला कसा द्यायचे, हे सगळं. मध्येच त्यांना हसू आलं. त्याच वेळी दारातून विक्रम सर बाबांना घेऊन आत येत होते. त्यांनी ते हसू ऐकलं आणि कुणीही आवाज खाली केला नाही.

पावणेसातला सगळे बसले. कांताबाईंनी सगळं आधीच मांडून ठेवायला लावलं होतं, त्यामुळे वाढायला कुणी उभं राहिलं नाही. विक्रम सरांच्या बाबांनी खिचडी दोनदा घेतली. यामिनीने भाकरी चुरून भरतात कालवली आणि आठ वाजेपर्यंत कुणाशी धड बोलली नाही, नुसती जेवत राहिली. तासाभरासाठी आलेल्या मॅडम कांताबाईंच्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्याच ताटात गराडू वाढत होत्या.

निघताना चपला घालता घालता मॅडम म्हणाल्या, "कांताबाई, एक सांगू? तुम्ही सुरी धरलीत तेव्हाच मला कळलं होतं."

कांताबाई चपापल्या. "मग बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? चार महिने झाले, जिथे जावं तिथे लोक म्हणतात, तुम्ही बसा, तुम्ही बसा. कुणी मला काम सांगितलंच नव्हतं." त्यांनी कांताबाईंचा तेलकट हात क्षणभर धरला. "पुढच्या रविवारी तुम्ही माझ्याकडे. पुरणपोळी येते ना? की तीही शिकवू?"

"शिकवा," कांताबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

अश्वजित मॅडमना स्कूटरवरून सोडायला गेला. संबोधी फाटकाशी उभी होती. या बाईने सव्वीस वर्षांत नुसता स्वयंपाक केला नव्हता, रोज शंभर पोरींची तोंडं वाचली होती, हे तिला आता कळत होतं. पण तिने विचारलं ते भलतंच. "आई, फोनवर त्या नाहीच म्हणाल्या असत्या तर?"

"तर मीच गेले असते डबा घेऊन," शाल सारखी करत कांताबाई म्हणाल्या. "त्यांच्या गल्लीत रिक्षा कुठवर जाते, तेसुद्धा अश्वजितला विचारून ठेवलं होतं."