चिंचेनं घासलेला हत्ती

"हे घासलं कोणी?" नाणं खिडकीच्या उजेडात धरून अनुप साहेबांनी विचारलं. ते संग्रहालयातून मुद्दाम हे नाणं न्यायला आले होते.

"मीच," दुर्गाबाई कौतुकानं म्हणाली. "तुमी येनार म्हनून सकाळीच चिंच आन राख लावली. कायंकुट्ट दिसून राह्यलं होतं."

पाहुणा यायचा म्हटलं की दुर्गाबाईच्या तडाख्यातून घरातलं एक भांडं सुटत नसे. आज तिनं तांब्या घासला, गडवा घासला आणि त्याच हातानं दोन हजार वर्षांचं नाणंही घासून काढलं. ते तिच्या नवऱ्याला, जानरावला, मंगरूळपीरकडे विहिरीच्या कामावर सापडलं होतं. खणताना त्याचीच पहार लागून काठाचा टवका उडाला होता. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, त्याच्या पायाखाली तो टवका, भोवती राजाच्या नावाची अक्षरं. गेल्या वर्षी जानराव गेला. संग्रहालयात नाण्याखाली ते कोणाला सापडलं त्याचं नाव लिहितात, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं आणि तेव्हापासून दुर्गाबाईनं तोच एक ध्यास घेतला होता.

साहेबांनी भिंग लावून पाहिलं. दोन्ही बाजू लालभडक, सपाट.

"मावशी, अक्षरं त्या काळ्या थरातच होती. त्या काळी राजाला कोण बघायला जायचं? नाणं हातात आलं की लोकांना कळायचं, राज्य कोणाचं. आता हे कोणाचं, मी कसं सांगू?"

"मंग काचंत नाई ठेवनार?"

"नाही हो."

दुर्गाबाईला स्वतःच्या हातांची चीड आली. ते तिनं पदराखाली घेतले.

"एवढ्या मोठ्या राजाचं नाव चिंचेनं गेलं, सायेब. मंग आमच्या मानसाचं कुठं राह्यनार होतं!"

 साहेबांनी नाणं तिच्यापुढे ठेवलं, जयभीम केला आणि ते जीपकडे गेले.

शेजारची चंदा डोकावली. "काय झालं व काकू? नेलं नाई?"

"नाई."

दुर्गाबाईनं नाणं जानरावच्या फोटोपुढे ठेवलं. पुन्हा उचललं, बोटानं काठ चाचपला, टवका लागताच तो खाली करून नाणं नीट उभं केलं.

"आता काय फिरवता? कायीच त नाई त्याच्यावर," चंदा म्हणाली.

"सोंड वर पाह्यजे," दुर्गाबाई फोटोकडे बघत म्हणाली. "ह्यायले तशीच लागे."