लिंडनाखची गादी

१८०६ साली जर्मनीतली छोटी संस्थानं धडाधड खालसा झाली. आमचं लिंडनाख झालं नाही. आमच्याकडे फौज नव्हती, मुत्सद्दी नव्हते. एक रिवाज तेवढा होता.

फ्रेंच कर्नल द्यूवाल खालशाचा हुकूम घेऊन आला, तेव्हा आमचे ड्यूक आन्सेल्म कोबीला पाणी घालत होते. त्यांनी हुकूम वाचला, हात पुसले.

"घ्या की. पण इथं गादी कुरणात घेतात. अनवाणी."

गादी घेणारा सगळ्यांत पुढे उभा राहतो. मागे सारी प्रजा एका रांगेत, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. गायीसुद्धा, त्याही कर भरतात. शेवटचा हात टेकला की गादी घेणाऱ्यानं 'पेलतो' म्हणायचं. म्हणता आलं नाही, तर गादी जुन्याकडेच.

"एवढंच?" कर्नलनं हसत बूट काढले.

पाणचक्कीवाली वाल्बुर्गा त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "गुदगुल्या होत असतील तर आत्ताच सांगा हो, साहेब."

"ठेवा हात, बाई. मी तोफांसमोर उभा राहिलोय."

"तोफांचं काय, त्या लांब असतात."

आन्सेल्म बाजूला उभे होते, पांढरेफटक. सातशे वर्षांचं राज्य त्या परक्याच्या एका शब्दावर लटकलं होतं.

रांग ओढा ओलांडून टेकडीवर चढली आणि चर्चमागे दिसेनाशी झाली. शेवटचा हात टेकला.

मग टेकडीवरून श्वास आला. एकाची छाती भरली की दुसऱ्याचा खांदा उचलला जाई, त्याचा उचलला की तिसऱ्याचा. म्हातारे, बाळंतिणी, बांधावरून डोकी फोडणारे सख्खे भाऊ, गायी, सगळं लिंडनाख एका छातीनं श्वास घेऊ लागलं. तो श्वास वाल्बुर्गाच्या पिठाळ तळव्यातून कर्नलच्या खांद्यात उतरला.

कर्नलनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. डोळे मात्र वाहायला लागले.

"म्हणा ना," आन्सेल्म हळूच म्हणाले. त्यांना त्याची कीव आली असावी.

"तुम्ही... हे कसं पेललंत?"

"मी? छे हो! मी धडधडीत खोटं बोललो, आणि मागे टेकलो. तेव्हापासून हेच मला पेलताहेत."

कर्नल प्रामाणिक निघाला, हे आमचं नशीब. त्याला खोटं बोलता येईना. हुकूम खिशात घालून तो पुलापर्यंत उलट्या पावलांनी गेला, वेदीसमोरून निघावं तसा, रांगेकडे पाठ न करता.