अजीजाबीचा पालथा पेला

जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय म्हणतात. म्हणणाऱ्यानं आमची अजीजाबी बघितली नसणार. तिची खोड मेल्यावरबी गेली न्हाय.

उमरग्याच्या बाहेर, हैदराबाद रोडला आमची खानावळ. गल्ल्यावर आमचे मालक, माझ्या कुंकवाचे धनी व्यंकटराव, चुलीवर मी, म्हाळसाबाई. ट्रकवाले येतात, भाकरी आन् तिखटजाळ आमटी हाणतात, वर मिरच्या मागतात आणि छाती चोळत उठतात. आमच्या परसाला लागूनच अजीजाबीचं परस, मधी कमरेएवढी भिंत. पलीकडं बाजेवर बसून म्हातारीचं ध्यान आमच्या पंगतीकडं. कुणाच्या घशाशी आंबट आलं की भिंतीवर पितळेचा पेला हजर. त्यात रातभर भिजवलेली बडीशेप, खडीसाखर, वर बशी झाकलेली. संगं बोलणीबी खावी लागायची. जेवून लगेच आडवं व्हायचं न्हाय, निजायचं तर डाव्या कुशीवर, अनशापोटी चहा ढोसायचा न्हाय.

पण पेला हातात द्यायच्या आधी ती माणसाला न्याहाळायची. घाम फुटलाय का, कळ जबड्यात नायतर पाठीत उतरतीय का, सगळं इचारायची. तसं काही दिसलं की पेला भिंतीवर पालथा घालायची.

"हे माझ्या सौंफचं काम न्हाय," म्हणायची. "दवाखाना गाठा."

मग कुणी पाया पडलं तरी थेंब मिळायचा न्हाय. तिच्या नवऱ्याच्या छातीत एकदा अशीच जळजळ सुरू झालती. पित्त असंल म्हणून तिनं दिवसभर त्यांना सौंफचं पाणी पाजलं, आणि सांजंला ते गेले. पित्त न्हवतंच ते, काळीज होतं. तवापासनं हा पालथा पेला.

आमचे मालक तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मिरची सोडा म्हणलं की पालथ्या घड्यावर पाणी, पण सकाळी पेला मात्र पायजे. अर्धा प्यायचे, अर्धा ठेवायचे. उरलेला मी उभ्या उभ्या घशात ओतायची. टाकून द्यायचं का मग? भाकरी उरली ती माझी, आमटी उरली ती माझी, पेल्यातलं उरलं तेबी माझंच.

अजीजाबी गेली ती बसल्या जागी, बाजेवरच. पेला तेवढा मधल्या भिंतीवर तसाच राहिला. तिचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पेला भरलेला. बशी झाकलेली, आत बडीशेप भिजलेली. मला वाटलं, सून झरीन गुणाची पोर, सासूची रीत चालवतीय. मालक प्यायले, उरलेलं म्या संपवलं. पेला धुऊन परत भिंतीवर ठेवला. हे रोजचंच झालं.

एक दिवस झरीनच आली, डोळे भरलेले. म्हणली, काकू, अम्मीच्या पेल्यात तुमी रोज सौंफ भिजवता, ते बघितलं की मला रडू आवरत न्हाय. माझा हात पिठातच राहिला. म्या म्हणलं, अगं, मी कुठं भिजवते, तूच की.  मग दोघींनीबी भिंतीकडं बघितलं, आणि झरीन मटकन खाली बसली.

त्या दिवशी म्या पेला कपाटात कोंडला आणि किल्ली कमरेला खोचली. सकाळी कुलूप जसंच्या तसं आणि पेला भिंतीवर, काठोकाठ भरलेला. अंगावर सरसरून काटा आला. तरी मालकांना काही सांगितलं न्हाय. प्यायले की त्यांना उतार पडतो, मग पाजणारं कोण याची चौकशी कशाला करायची? मी भ्याले, खोटं कशाला बोलू. पण उरलेलं काही टाकवलं न्हाय.

आणि एका सकाळी पेला पालथा दिसला.

 मालक बाजूलाच छाती चोळत, ढेकर देत उभे होते. रात्री वांग्याचं भरीत जास्त झालं, म्हणत होते. म्या चूल इझवली, त्यांना सगळं सांगितलं आणि ओढतच दवाखान्यात नेलं. कपाळावरचं कुंकू पुसलं जाणार या भीतीनं मी अर्धी झाले होते. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, नाडी बघितली आणि सांगितलं की काळीज ठणठणीत आहे, नुसतं पित्त आहे, मिरची बंद करा. मालक वाटभर मला चिडवत आले. मेलेल्या बाईच्या पेल्यापायी जित्या माणसाला सुया टोचवतीस व्हय, म्हणले.

दुसऱ्या दिवशी पेला परत पालथा. म्या त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं. तिथंबी तेच. तिसऱ्या दिवशीबी पेला पालथाच होता, पण मालकांनी माझं ऐकलं न्हाय. पिशव्या घेतल्या आणि भाजी आणायला बाजारात निघून गेले.

मी एकटी राहिले. ऊन चढलं होतं, रोडवर एक गाडी न्हवती. चूल पेटवायचीबी इच्छा होईना. मला अशी चीड आली म्हणता! भिंतीपाशी गेले आणि बोलले, "खाला, दोन दोन डॉक्टरांनी बघितलं त्यांना. आता काय पायजे तुमाला?"

पेला उचलून सुलटा ठेवला आणि वळले. पाठीमागं ठण्णकन वाजलं. पेला पालथा. परत सुलटा केला आणि या खेपेला नजर हलवली न्हाय. वारा न्हवता, दोरीवरचं लुगडंसुद्धा हलत न्हवतं. माझ्यादेखत पेला हळूच कलला आणि कुणी हातानं घालावा तसा पालथा झाला.

मालक बाजारात. खानावळीत चिटपाखरू न्हाय. मग पेला कुणासाठी पालथा घालतीय ही?

तवा माझं माझ्याकडं ध्यान गेलं. पाठ घामानं चिंब झाली होती. सकाळपासनं घामापायी मी चुलीच्या नावानं बोटं मोडत होते, आणि चूल तर पेटवलीच न्हवती. चार दिवस जबडा ठणकत होता, दाढ असंल म्हणून लवंग दाबली होती. खांद्यांच्या मधी कळ येत होती, ती भाकऱ्या थापून येती असं धरून चालले होते. अजीजाबी जे जे इचारायची ते सगळं माझ्या अंगात होतं.

झरीनला हाक मारली, पण आवाज नीट निघंना. ती धावत आली. तिनं माझ्याकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं आणि एक शब्द न इचारता नवऱ्याला, कलीमला, ओरडून बोलावलं. त्याच्या टेंपोत झरीनच्या मांडीवर डोकं ठेवून मी दवाखान्यात गेले, आणि तिथनं गाडीनं सोलापूरला.

काळजाची नस बंद झालती. ती उघडली. आणखी थोडं थांबला असता तर घरी न्यायचं काम पडलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी मालकांना सांगितलं. परत आल्यावर उमरग्याच्या डॉक्टरांना दाखवायला गेले, तर ते हळहळले. त्या दिवशी तुमीच माझ्यासमोर बसला होतात, बोलला का न्हाईत, म्हणले. काय सांगू त्यांना? मला कुणी इचारलं न्हाय, आन् म्या तरी मला कुठं इचारलं होतं?

घरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मालकांनी मला हाताला धरून परसात आणलं. भिंतीवर पेला होता. सुलटा, बशी झाकलेला. सवयीनं त्यांचा हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, लपवलंबी न्हाय. पेला दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"आधी तू," म्हणले.

भिंतीपलीकडं अजीजाबीची बाज करकरली. झरीन तर विहिरीवर गेली होती आणि कलीम टेंपो घेऊन. म्या तिकडं बघितलं न्हाय. बशी काढली आणि पेला तोंडाला लावला. इतकी वर्सं मला तळाचंच मिळत आलं होतं. वरचा घोट एवढा गार असतो, हे मला ठाऊकच न्हवतं.