पाहुण्यांसमोर वाजलेला ठेका

मी दरबुका बोलतेय. ढोलकीच्या जातीची, पण तोंड एकच. आमच्या घाटावर मला पहिल्या दिवसापासून एक नियम सांगितला होता: पाहुण्यांपुढे आनंदाचाच ठेका वाजवायचा. घरात काहीही घडलेलं असो. का, ते विचारायचं नाही.

बरीच वर्षं मी विचारलं नाही.

माझं पोट भाजलेल्या मातीचं, खालून उघडं. तोंडावर नाईलमधल्या मोठ्या माशाचं कातडं. मला नवाराच्या आईने घेतलं. मेंदीच्या रात्री ती मला काखेत धरून वाजवायची. समुद्राच्या दमट हवेने माझं कातडं ढिलं पडतं, मग ती मला पापडासारखं शेगडीवर फिरवत शेकायची. ती गेल्यावर मी नवाराकडे आले. नवारा कायद्याचं शिकली, पण मला शेकायला विसरली नाही.

आनंदाच्या ठेक्यांशिवाय मला आणखी एक ठेका येतो. एखादी होडी परतली नाही, की त्या घरची बाई घाटाच्या टोकाला जाऊन तो वाजवते. तीन जड थापा आणि मग एक जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत घाटावरच्या प्रत्येकाने हरवलेल्या माणसाचं नाव ओरडायचं. त्याच्याशी बोलणं बंद असलं तरी ओरडायचं. नवाराच्या बापासाठी मी असाच टाहो फोडलाय. बाप आला नाही, पण त्याचं नाव घेण्यात कुणी कसर केली नव्हती.

मग आमच्या गावात समुद्र वाचवण्याची जागतिक परिषद भरली. समुद्र वाचवायचा म्हणून आधी आमचा घाट बंद केला. पाहुण्यांच्या नजरेला होड्या नकोत म्हणून त्या ओढून कुठेतरी नेल्या. ज्यांची तक्रार असेल त्यांच्यासाठी विमानतळाच्या रस्त्यापलीकडे, वाळवंटात, कुंपण घालून जागा केली होती. आधी नाव नोंदवायचं, घोषणा मंजूर करून घ्यायच्या, आणि मग त्या वाळूला ऐकवायच्या. तिथे छत्र्या होत्या, थंड पाणीही होतं. फक्त ऐकायला कुणी नव्हतं.

नवाराचा धाकटा भाऊ मितवल्ली त्या कुंपणात गेला नाही. तो बंद घाटावर पुठ्ठा घेऊन उभा राहिला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘आमच्या होड्या कुठे आहेत?’ दुपारपर्यंत मितवल्ली कुठे आहे हेही कुणाला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी हाज सब्री घरी आले. हे नवाराचे चुलते. सिमसिमिया नावाचं तारांचं वाद्य वाजवतात, आणि घाटावर शेवटचा शब्द त्यांचा.

“परिषदेच्या मेजवानीत आपल्या मंडळींना वाजवायला बोलावलंय,” ते म्हणाले. “बंदोबस्ताचे साहेब म्हणाले, कार्यक्रम नीट झाला तर पोराचं बघू.”

“बघू म्हणजे काय, काका? त्याला कुठे ठेवलंय ते तरी विचारलंत?”

“पाहुणे गेले की विचारू.”

“पाहुणे गेल्यावर तुम्हाला कोण विचारतंय?”

“कॉलेजात जाऊन जीभ तेवढी लांब झाली तुझी. आईने कधी उलट शब्द काढला नाही.”

“आई नवऱ्याचं नाव ओरडली होती, काका. तेव्हा तुम्हीही ओरडला होतात.”

हाज सब्रींनी चहात आणखी एक चमचा साखर घातली. उत्तर नसलं की ते चहा गोड करतात.

“येते मी वाजवायला,” नवारा म्हणाली. त्यांना बरं वाटलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. तिची बोटं माझ्यावर होती, मला सगळं कळलं.

त्या संध्याकाळी तिने मला शेकलं नाही. मेजवानीच्या दारात शिपायाने मला उलटं धरलं, पोटात बॅटरी मारून कागद शोधला, मग तोंडावर टिचकी मारली. ओल्या पोत्यासारखा आवाज आला.

“हिला सर्दी झालीय काय?”

“समुद्राची हवा बाधते तिला, साहेब.”

“मग सूप पाजा आत नेऊन.” तो हसला. पुठ्ठा असता तर अडवला असता. मुकं वाद्य कोण अडवतो?

पण नवाराने त्याच दालनात लग्नं वाजवली होती. तिथल्या थंड कोरड्या हवेत माझं काय होतं हे तिला ठाऊक होतं. पाहुण्यांचं अत्तर घामात वाहून जाऊ नये म्हणून लावलेल्या यंत्रांनी माझं कातडं हळूहळू ताणत नेलं. त्यांच्याच खर्चाने मी तापत होते.

आमच्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांना आयोजकांनी मच्छीमारांचे म्हणून पट्ट्यापट्ट्यांचे कपडे दिले होते. तसले कपडे आमच्याकडे कोणत्याच मच्छीमाराने कधी घातले नाहीत. आमची खरी मच्छीमार पोरं मात्र पांढरे हातमोजे घालून पाहुण्यांना मासे वाढत होती. होड्या गेल्यावर दुसरं काम कुठलं?

हाज सब्रींनी भरल्या जाळ्याचं गाणं धरलं. दोन कडवी मी गुणी मुलीसारखी वाजले. मग नवाराचा हात उचलला गेला.

तीन जड थापा. मोकळी जागा.

“ठेका बदल, पोरी,” हाज सब्री दातांतल्या दातांत म्हणाले.

तीन थापा. मोकळी जागा. मागच्या कोपऱ्यातून ताट हातात घेतलेला एक जण ओरडला, “मितवल्ली.”

तिसऱ्या खेपेला सगळे वाढपी ओरडले. सिमसिमिया थांबली. एका पिकल्या केसांच्या पाहुणीने शेजारच्या साहेबांना विचारलं, हा मितवल्ली कोण, आणि तो कुठे आहे? साहेबांच्या तोंडातला घास तिथेच राहिला. तो चेहरा मी जपून ठेवलाय. नवारा कंटाळली की आम्ही दोघी तो आठवतो.

शिपायांनी मला हिसकावलं, आपटलं. पोटाला तडा गेला, कातडं फाटलं. नवाराला आणि त्या पोरांना त्यांनी डांबून ठेवलं आणि पाहुण्यांची विमानं उडाल्यावर सोडलं. पण प्रश्न सगळ्यांदेखत विचारला गेला होता, उत्तर द्यावंच लागलं. मितवल्ली डोंगराजवळच्या तुरुंगात आहे. अजून आत आहे. पण आता नवारा त्याला डबा नेते.

तिने मला नवं कातडं चढवलंय. तड्यामुळे आवाज घोगरा झालाय, तो मला आवडतो. तुम्ही कुणी ऐकत असाल तर एवढंच करा: मोकळी जागा आली की नाव घ्या.

आज हाज सब्री आणखी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले.

“पुढच्या महिन्यात दुसरी परिषद आहे,” ते म्हणाले. “झालं गेलं विसरू म्हणतात साहेब. पाहुण्यांपुढे तो ठेका वाजवणार नाही एवढं कबूल कर. मितवल्लीचं बघू.”

नवारा मला शेगडीवर फिरवत होती.

“नाही,” ती म्हणाली. “जिथे पाहुणे असतील तिथे पहिला तोच वाजेल. आणि काका, त्या दिवशी पोरं ओरडली, तुम्ही नाही. उद्या होड्या परत मिळाल्या आणि तुमची होडी परतली नाही, तर घाटाच्या टोकाला मी हिला घेऊन येणार नाही.”

तिने मला मांडीवर घेतलं. तीन थापा दिल्या आणि मोकळ्या जागेत हात वर धरून तिघांकडे बघत राहिली.

साखरेचा डबा जवळच होता. त्याला कुणी हात लावला नाही.